ठिपका शेततळ्यात गेला

घरोघरी जाऊन बायकांचे केस कापणाऱ्या बाईनं नव्या ठिकाणी सुरक्षित कसं राहावं, या विषयावर हर्षाली कुठेही, कधीही, कुणी न विचारता भाषण देऊ शकत असे. एकदा म्हसरूळच्या भाजीबाजारात तिनं एका मेंदीवालीला गाठलं आणि हातातली मेथी कोमेजेपर्यंत सोडलं नाही.

"अगं, पद्धत पक्की पाहिजे! पद्धत पक्की असली ना, की वाघाच्या गुहेत जाऊन वाघिणीचे केस सेट करून परत येता येतं!"

पद्धत पक्की होती यात शंकाच नाही. कारण ती हर्षालीची नव्हतीच. ती होती तिच्या सासूबाईंची.

मंगलाबाई म्हणजे निवृत्त अंगणवाडी सेविका. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं मोजून आत घेतली आणि मोजून बाहेर सोडली. हर्षालीनं पार्लरची नोकरी सोडून स्कूटीवर पेटी बांधायचं ठरवलं तेव्हा नवरा शेखर नुसताच "बघ बुवा" म्हणाला. मंगलाबाईंनी मात्र चष्मा लावला.

"परक्याचं एक पोर हरवू दिलं नाही मी. सून हरवू देईन होय?"

आणि नियम आले. गिऱ्हाईक बाईच आहे ना, हे आधी व्हिडिओ कॉलवर तोंड बघून ठरवायचं. स्कूटीचं तोंड फाटकाकडे ठेवायचं आणि किल्ली आपल्याच कमरेला. फोन हातावेगळा करायचा नाही. नव्या घरी काही खायचं नाही, प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पोचल्यावर फोन, मग अधूनमधून फोन. शिवाय लोकेशन चालू, म्हणजे हर्षालीचा निळा ठिपका मंगलाबाईंच्या मोबाईलवर दिवसभर फिरणार. आणि पेटीत एक बाटली, मंगलाबाईंनी स्वतः कांडलेल्या मिरचीपुडीची. वेळ आलीच तर समोरच्याच्या डोळ्यांत टाकायला.

"यातला एक जरी नियम मोडलास," मंगलाबाई म्हणाल्या, "तर पेटी माळ्यावर. मग शेखरच्या आत्याच्या पार्लरमध्ये पगारावर बसायचं."

आत्याचं पार्लर म्हणजे दिवसभर आत्याचं बोलणं ऐकायचं आणि मधूनमधून भुवया कोरायच्या. हर्षालीला नुसत्या कल्पनेनं घाम फुटायचा. त्या पेटीवर तिचा जीव होता. झाकणावर तिच्या नावाचं गुलाबी स्टिकर होतं, आणि आयुष्यात तिच्या नावाची दुसरी कुठलीच पाटी नव्हती. म्हणून ती नियम पाळत होती, अगदी देवाधर्मासारखे.

तर एके दिवशी फोन आला. पुरुषाचा आवाज.

"ताई, घरी येऊन केस कापता ना? मी गोरक्ष बोलतोय, पिंपळगावकडून."

"कापते. कुणाचे कापायचेत?"

"ते... आल्यावर सांगतो."

"दादा, मी फक्त बायकांचे कापते."

"बाईमाणूसच हे हो! पन बोभाटा नको. गावातून येऊ नका. कोल्ड स्टोरेजच्या मागून कच्चा रस्ता हे, तिकडून या. अन कुणाला सांगू नका, लय नाजूक मामला हे!"

आता तुम्हीच सांगा, दुसरी कुणी असती तर तिनं फोन ठेवून नंबर ब्लॉक केला असता. पण आपल्या हर्षालीकडे पद्धत होती! ती ठणकावून म्हणाली, "आधी व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाईक दाखवा."

गिऱ्हाईक दिसलं. उन्हात स्कूटीवर निघालेल्या मुली बांधतात तसा स्कार्फ डोक्याभोवती, कपाळाभोवती, नाकाभोवती गच्च गुंडाळलेला. मधल्या फटीत दोन डोळे, आणि तेही रडून सुजलेले.

"मी निकिता," स्कार्फ म्हणाला. "ताई, प्लीज या. माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"तोंड पाहिलंस का?" मंगलाबाईंनी विचारलं.

"पाहिलं," हर्षाली म्हणाली. डोळे तोंडातच येतात, असं तिनं स्वतःला समजावलं आणि पेटी स्कूटीला बांधली.

पिंपळगावच्या अलीकडे महामार्ग सोडला. कोल्ड स्टोरेजच्या मागून, द्राक्षांच्या बागांमधून धूळ खात ती पोचली. शेतातलं पक्कं घर, मोठं अंगण, आणि घराच्या भिंतीला अगदी चिकटून निळ्या प्लास्टिकचं अस्तर लावलेलं भलंथोरलं शेततळं. तिनं घरी फोन केला, "पोचले!" स्कूटीचं तोंड फाटकाकडे केलं. तेवढ्यात घामाघूम गोरक्ष पुढे आला.

"ताई, उन्हात कशाला? सीट तापंल, बसता यायचं नाय. आना, शेडमध्ये लावतो!"

आणि तिनं काही म्हणायच्या आत त्यानं किल्लीसकट स्कूटी नेलीसुद्धा! परत आला तो मोकळ्या हातानं.

"किल्ली?"

"आईकडं दिली. काळजी नका करू, आईकडं गेलेली वस्तू कुठं जात नाय."

ही आई म्हणजे भागीबाई. अंगानं काडीसारख्या, पण आवाज असा की बागेतले पक्षी उडावेत. हर्षाली ओसरी चढते न चढते तोच त्यांनी हात पुढे केला.

"मोबाईल दे."

"का हो आजी?"

"ह्या घरात जेवल्याबिगर मोबाईल मिळत नाय! किल्ली बी नाय. नातवंडं ताटात बघत नव्हती, मोबाईलात बघत होती. अन पाव्हणे चहा पिऊन 'उशीर झाला' म्हनत पळायचे. मंग म्या कायदाच केला. ओसरी चढली की दोन्ही डब्यात. पोटभर जेवायचं, मंग आपापलं घिऊन जायचं."

"आजी, मला फोन हातातच लागतो. माझा नियम आहे."

तेवढ्यात आतून स्कार्फ आला. "ताई, द्या ना फोन! माझी मैत्रीण माझा असा फोटो काढून स्टेटसला टाकणार होती, मी पाया पडून थांबवलं. मला आता कुणाच्या फोनची खात्री नाही!" आणि ती हुंदके देऊ लागली.

रडणाऱ्या गिऱ्हाइकापुढे हर्षाली नेहमीच विरघळते. तिनं फोन दिला. भागीबाईंनी तो घट्ट झाकणाच्या पितळी डब्यात टाकला, वर ठोसा मारून झाकण बसवलं आणि डबा गव्हाच्या लोखंडी कोठीत खोल खुपसून कोठीचंही झाकण लावलं. आता त्या फोनला रेंज मिळायची म्हणजे चमत्कारच व्हायला हवा होता.

खोलीत दार लावून निकितानं स्कार्फ सोडला. हर्षालीच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं.

मागून पाहिलं तर कमरेखाली जाणारा, मनगटाएवढा जाड शेपटा. पुढून पाहिलं तर उंदरांनी कुरतडलेली केरसुणी! मोबाईलवर बघून हिनं कपाळावर नाजूक बटा काढायचं ठरवलं होतं. डावीकडची बट जरा आखूड झाली म्हणून उजवी कापली, उजवी आखूड झाली म्हणून डावी, असं करत करत बाई कानाच्या मागे पोचली होती.

"आणि आज चांदवडहून सासरची मंडळी येताहेत," निकिता नाक पुसत म्हणाली, "साखरपुड्याची बोलणी करायला. बघायला आल्या तेव्हा सासूबाई आशाबाई माझा शेपटा हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, मुलीचं शिक्षण राहू द्या, केस बघा केस! त्यांच्या स्वतःच्या अंबाड्याचीही चांदवडला ख्याती आहे."

हर्षालीनं बाह्या सरसावल्या. असल्या कामात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पुढचे केस थरांत कापायचे, कानामागून गंगावन लावायचं आणि वेणीत असं मिसळायचं की खुद्द निकितालाही आपला केस कुठला आणि विकतचा कुठला ते कळू नये! तिनं पेटीतलं सामान मांडलं आणि कात्री चालवायला सुरुवात केली.

थोड्या वेळानं दार ढकलून भागीबाई आल्या, हातात चहाची कपबशी.

"घे."

"नको आजी, मी चहा घेत नाही."

"मंग सरबत?"

"नको."

"दूध? ताक? पानी तरी?"

"नको, नको. आज माझा उपवास आहे."

"आत्ता गं बया! मंग भगर टाकते, दाण्याची आमटी करते!"

"भगर चालत नाही. निर्जळी आहे."

भागीबाईंनी कपबशी खाली ठेवली. "आज कुठला गं निर्जळी? म्या जन्मभर उपास केले, हा नवीनच निघाला."

"आमच्या... म्हसरूळकडे असतो." हर्षालीनं विषय बदलला. "आजी, माझा फोन जरा द्या. घरी फक्त एक कॉल करते."

"देते की. जेव, अन घे!"

आता आली का पंचाईत! जेवल्याशिवाय फोन मिळत नाही, आणि नियमाप्रमाणे जेवायचं नाही. उठून जावं तर किल्ली डब्यात. शिवाय निकिताची उजवी बाजू झाली होती, डावी व्हायची होती. अर्धं डोकं सोडून पळणारी केशकर्तनकार पुढे कुठल्या तोंडानं धंदा करणार?

जाता जाता भागीबाईंची नजर सामानावर पडली. त्यांनी मिरचीपुडीची बाटली उचलली, बूच काढलं, हुंगलं आणि डोळे मिटून घेतले. "आहाहा! कुठली गं ही मिरची?"

"घरची आहे. सासूबाईंनी कांडलेली."

"केसांच्या सामानात कशाला ठेवली?"

तुमच्या डोळ्यांत टाकायला, असं काही सांगता येईना. "कोंड्यासाठी," हर्षाली म्हणाली.

"कोंडा मरतो ह्यानं?"

"कोंडा काय आजी, कुणीही मरेल."

"मंग शेवभाजीत लय भारी लागंल!" आणि बाटली पदरात घेऊन भागीबाई चुलीकडे गेल्यासुद्धा. हर्षालीच्या संरक्षणासाठी आता फक्त कंगवा शिल्लक राहिला.

तिकडे म्हसरूळला काय चाललं होतं ते हर्षालीला नंतर कळलं, आणि अजूनही रोज कळतं, कारण मंगलाबाई ते कुणालाही सांगायचं सोडत नाहीत.

सूनबाईंचा दुसरा फोन आला नाही. मंगलाबाईंनी लावला, तर "संपर्क क्षेत्राबाहेर". पुन्हा लावला, पुन्हा बाहेर. त्यांनी नकाशा उघडला. शेखरनं तो त्यांना वरून फोटो काढल्यासारखा दिसेल असा लावून दिला होता. सगळीकडे हिरव्या बागा, मधे एक निळा चौकोन, आणि त्या चौकोनाच्या बरोबर मधोमध, हलेना की डुलेना असा हर्षालीचा ठिपका!

"शेखर!" मंगलाबाईंनी किंकाळी फोडली. "ती शेततळ्यात आहे रे!"

नकाशावरचा ठिपका चार पावलं इकडेतिकडे पडतो, घर तळ्याला चिकटून असेल, वगैरे शेखरनं सांगून पाहिलं. सुट्टीचा दिवस होता, तो नुकताच आडवा झाला होता. पण मंगलाबाईंच्या डोळ्यांत पाणी बघून त्यानं मुकाट्यानं बाईक काढली. त्याचाही ठिपका चालू होता. मंगलाबाई श्वास रोखून बघत बसल्या. ठिपका आडगाव ओलांडून गेला, ओझर ओलांडून गेला, पिंपळगावच्या अलीकडे वळला, बागांतून सरकत सरकत निळ्या चौकोनाजवळ पोचला. आणि हळूच आत शिरून थांबला.

फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर!

एकुलता एक मुलगा आणि लाखात एक सून, दोघंही तळ्याच्या तळाशी! त्यांनी पोलिसांना फोन लावण्यासाठी मोबाईल उचलला, पण घाईत बोट चुकलं आणि लागला तो भजनी मंडळाच्या ग्रुपला. एकदम सगळ्यांना! पाच मिनिटांत अख्खं मंडळ दारात. टाळ हातातच होते, कारण सराव चालू होता. गल्लीतून रिकामे क्रेट घेऊन एक टेम्पो पिंपळगावला निघाला होता. मंडळानं तो अडवला, क्रेट उतरवले आणि क्रेटच्या जागी बायका चढल्या.

"पोलिसांना वाटेत कळवू," मंगलाबाई पदर खोचत म्हणाल्या. "आधी तळं गाठा!"

आता शेखरचं काय झालं, ते सांगतो. तो धावत ओसरी चढला आणि म्हणाला, "हर्षाली कुठंय?"

"आत हे, कामात हे," गोरक्ष म्हणाला. "तुम्ही कोन?"

"मी नवरा."

"जावई!" भागीबाई कडाडल्या. "आरं, पाट मांडा!"

किल्ली गेली, फोन गेला, आणि समोर आलं ताट. बाजरीची गरम भाकरी, लाल तवंगाची शेवभाजी, कांदा, वर तुपाची धार. शेखरनं दाराच्या फटीतून हर्षालीला बघून घेतलं. ती धडधाकट होती. मग त्यानं विचार केला, आलोच आहोत तर. शेखरच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी ह्याच विचारानं घडलेल्या आहेत.

"अहो, आईंना फोन करा आधी!" हर्षाली आतून ओरडली.

"फोन डब्यात आहे," शेखर तोंडातल्या घासासकट म्हणाला. "जेवण झालं की देतात."

"मग लवकर जेवा!"

"वाढतच आहेत गं."

पाचवी भाकरी झाल्यावर भागीबाईंनी त्याला खाट दाखवली, आणि फोन मागायच्या आधीच जावईबापू घोरू लागले. हर्षालीनं कपाळाला हात लावला. तिला आता स्वतःची नव्हे, सासूबाईंची काळजी वाटू लागली होती. ती म्हातारी घरी एकटी जिवाचं काय करून घेत असेल! त्यापाठोपाठ माळ्यावर चढणारी गुलाबी स्टिकरची पेटीही दिसली. नियम सगळेच मोडले होते, खाण्यापिण्याचा तेवढा उरला होता, आणि घसा तर कोरडा पडला होता.

तिनं निकिताच्या वेणीला शेवटचा पिळा घातला. काम झालं होतं, आणि असं झालं होतं की निकिता आरशात बघून हसू लागली.

नेमक्या त्याच वेळी अंगणात दोन गाड्या शिरल्या. पुढे चांदवडची पांढरी गाडी, पाहुणे वेळेआधीच आलेले. त्यातून भरजरी लुगड्यातल्या आशाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन उतरल्या. मागे धुरळा उडवत टेम्पो. त्यातून मंगलाबाई उडी मारून उतरल्या, आणि त्यांच्यामागे टाळ वाजवत अख्खं भजनी मंडळ.

"आमची सून बाहेर काढा!" मंगलाबाई गरजल्या. "काय केलंत तिचं? बाहेर काढा, नाहीतर तळं उपसायला लावीन!"

आशाबाईंच्या हातातला पुडा तिरका झाला. "अगं बया! ह्या घरात सुना कोंडतात व्हय? अन आमी इथं सोयरिक करायला निघालो?"

"नाय हो! गैरसमज हे!" गोरक्ष एकदा टेम्पोकडे पळाला, एकदा गाडीकडे. खरं काय ते सांगावं तर लेकीचे केस उघडे पडत होते, न सांगावं तर घराची अब्रू जात होती.

आत निकितानं हर्षालीचा हात घट्ट धरला. "ताई, सांगू नका हो."

हर्षाली बाहेर आली. तिला धडधाकट बघून मंगलाबाईंचा चेहरा असा काही उजळला की हर्षालीला भडभडून आलं. पण दुसऱ्याच क्षणी सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"फोन कुठंय? किल्ली कुठंय? आणि इथे कुणाचं काय करत होतीस एवढा वेळ?"

खरं सांगितलं असतं तर हर्षालीची सुटका होती. गिऱ्हाइकाचं नाव घ्यायचं, हातातली कात्री दाखवायची, मोकळं व्हायचं. पण मागे दाराआड ती पोरगी उभी होती.

"मी आजींचे केस कापायला आले होते."

गोरक्षनं डोळे मिटले. भागीबाईंच्या केसांना जन्मात कधी कात्री लागली नव्हती. त्या हर्षालीकडे बघत राहिल्या, मग दाराआडच्या नातीकडे. मग सावकाश डोक्यावरचा पदर काढला, अंगणातली खुर्ची ओढली आणि ऐटीत बसल्या.

"व्हय! म्याच बोलावली. उन्हाळ्यात डोस्कं लय तापतं. मघापासून लाजत व्हते, आता सगळे आलेच हायेत तर काप बाई."

"किती कापू आजी?" हर्षालीनं विचारलं.

"मानंपर्यंत! अर्धवट काम मला चालत नाय."

टाळ थांबले, आणि सगळ्यांच्या देखत भागीबाईंचा पांढराशुभ्र अंबाडा सुटला आणि कात्री चालली. हर्षालीनं इतक्या जिवापाड मायेनं आजवर कुणाचे केस कापले नव्हते. काम झाल्यावर भागीबाईंनी मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. "आगं, डोस्कं गेलं का काय माझं? जागेवर हे का नाय तेच कळंना, इतकं हलकं!" आणि त्या लहान मुलीसारख्या खळखळून हसल्या. त्या खरंच छान दिसत होत्या. भजनी मंडळात चुळबूळ सुरू झाली, दोघीचौघींनी आपापल्या शेंड्या चाचपल्या.

एवढ्यात खाटेवरून डोळे चोळत शेखर बाहेर आला. "आई? तू कशी काय?"

"मेल्या, तू तळ्यात होतास ना!"

"मी? मी जेवत होतो."

मंगलाबाईंनी आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग हर्षालीला कवेत घेऊन हमसून हमसून रडल्या. "जीव गेला होता गं माझा! ठिपका हलत नव्हता!" हर्षालीही रडली. टेम्पोवालाही डोळे पुसताना दिसला, पण ते धुळीमुळे असेल.

आशाबाईंचा राग तोवर पार उतरला होता. आपणही काही मागे नाही, हे दाखवायला त्या तोऱ्यात खुर्चीवर बसल्या. "माझ्या बी शेंड्या सारख्या करून दे गं. जास्त नको हां, चांदवडात अंबाडा म्हनला की माझंच नाव घेत्यात."

हर्षालीनं अंबाड्याची पिन काढली. पिनेबरोबर अर्धा अंबाडा तिच्या हातात आला.

गंगावन! तेही निकिताला लावलेल्याच रंगाचं!

आशाबाईंनी मान वळवली आणि दोघींची नजरानजर झाली. आशाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हर्षालीनं झटकन हात वळवला, अंबाडा होता तिथे घट्ट बसवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्या केसांना कात्री लावायचं पाप मी करणार नाही! असेच राहू द्या बाई!"

आशाबाई उठल्या, सरळ दाराशी गेल्या आणि निकिताला जवळ घेतलं. वेणीवरून हात फिरवताना त्यांचा हात कानामागे क्षणभर थांबला. तिथली गाठ त्यांच्या ओळखीची असणार. मग हसून म्हणाल्या, "पोरगी गुणी हे. केसांचं काय, आज हायेत, उद्या नसतील. पेढे वाटा!"

"पेढे मागून," भागीबाई कडाडल्या. "आधी पंगत! किल्ल्या अन मोबाईल हिकडं!"

त्या दिवशी पितळी डबा अपुरा पडला, हंडा काढावा लागला. टेम्पोची किल्लीही त्यात गेली. मंगलाबाईंनी पहिला घास घेतला, थांबल्या, पुन्हा एक घेतला आणि ताठ बसल्या.

"ही मिरची माझी आहे!"

"तुमची व्हय?" भागीबाई त्यांच्या शेजारी येऊन टेकल्या. "कशी कांडता हो? लवंगी किती, ब्याडगी किती?"

मग त्या दोघींना दुनियेचं भान राहिलं नाही. हर्षालीनंही तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन घेतलं.

परतताना टेम्पोत कुणी बोललं नाही, कारण कुणाच्या पोटात बोलायला जागा नव्हती. टेम्पोमागून स्कूटीवर येणाऱ्या हर्षालीला मात्र वाटभर माळाच दिसत होता. घरी आल्यावर तिनं आपणहून पेटी उचलली आणि माळ्याच्या शिडीपाशी ठेवली. स्टिकरवरचं आपलं नाव एकदा हातानं पुसलं.

"आई, मी सगळे नियम मोडले."

मंगलाबाईंच्या हातात भागीबाईंनी भेट दिलेला छोटा पितळी डबा होता.

"मोडलेस," त्या म्हणाल्या. "पण मीही परक्या घरी जेवले. फोन दिला. तोंडसुद्धा न पाहिलेल्या माणसांकडे आख्खं मंडळ घेऊन गेले. तू निदान मी येईपर्यंत खाण्यापिण्याचा नियम पाळलास." त्यांनी पेटी उचलून पुन्हा तिच्या हातात दिली. "चूक तुझी नाही, नियमांची आहे. ठिपक्यावर भरवसा ठेवायचा नाही. नव्या गिऱ्हाइकाकडे तू एकटी जायचं नाहीस. मी बरोबर येणार!"

तेव्हापासून हर्षालीच्या मागे स्कूटीवर मंगलाबाई असतात. मांडीवर पेटी, कमरेला मिरचीपूड, काखेत पितळी डबा. नव्या घरी गेलं की त्या आधी सगळ्या खोल्या बघून घेतात, घरात पुरुष किती ते मोजतात, नावं विचारतात, खिडक्यांच्या कड्या तपासतात आणि मग दारात खुर्ची टाकून बसतात. हर्षाली आता इतकी सुरक्षित आहे की भाजीबाजारात भाषण द्यायलाही तिला तोंड उरलेलं नाही.

परवा गंगापूर रोडला एक नवं गिऱ्हाईक होतं. बिचारी शांत, नीटनेटकी बाई. मंगलाबाईंची पाहणी चालू असताना ती हळूच गॅलरीत सरकली. केसांना पाणी मारायची बाटली भरत असलेल्या हर्षालीला तिचा दबका आवाज स्पष्ट ऐकू आला.

"अहो, मी लोकेशन चालू ठेवलंय. अर्ध्या तासात माझा फोन आला नाही ना, तर असाल तसे निघून या!"

ती बाई फोन ठेवून वळली, तेव्हा मागे मंगलाबाई मोबाईलसाठी डबा उघडून उभ्या होत्या.